प्राचीन अथेन्स: लोक नक्की राहायचे कुठे, शहरात की शिवारात?

उंबरठा

नमस्कार मंडळी. सध्या प्राचीन ग्रीसवर वाचन चालू आहे आणि एका ठिकाणी गाडी अडलीय, इथे जाणकार आहेत म्हणून विचारतेय.

अथेन्स म्हटलं की आपल्यासमोर अ‍ॅक्रोपोलिस आणि त्याच्या पायथ्याचा तो चौक येतो. पण नकाशा बघितला तर अथेन्सचं राज्य म्हणजे अख्खा अ‍ॅटिका प्रांत, साधारण अडीच हजार चौरस किमी, मध्ये हिमेटस, पेंटेली, पार्निथा असे डोंगर, दक्षिणेला सुनियोनचं टोक, ईशान्येला मॅरेथॉन जे शहरापासूनच ४० किमीच्या आसपास आहे. आणि मॅरेथॉनचा शेतकरी हा अथेन्सच्या कुंभाराइतकाच अथेन्सचा नागरिक, म्हणजे राजधानी आणि तिच्या अंमलाखालची खेडी असा प्रकार नाही.

मग एवढा पसरलेला मुलूख एका शहराला बांधलेला कसा राहिला? लोक शहरात राहून शेतावर जायचे, की गावात राहायचे, की थेट शेतातच घर बांधून राहायचे? आणि लांबच्या माणसाला कारभारात खरंच काही जागा होती का, की ती कागदावरचीच? पुस्तकांत राज्यघटनेवर पानंच्या पानं आहेत पण जमिनीवर हे कसं दिसायचं ते कुणी नीट सांगत नाही.

पायवाट

प्रश्न फार आवडला. जमिनीवर कसं दिसायचं हे खापरखुणा सांगतीलच, ते इथे आले की. मी गावांपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे.

इ.स.पू. सहाव्या शतकात अ‍ॅटिकात प्रदेशानुसार तट पडलेले होते, मैदानातले, किनाऱ्यावरचे आणि डोंगरापलीकडचे, आणि प्रत्येक तटामागे एखादं बडं घराणं. हुकूमशहा पिसिस्ट्रेटस सत्तेवर आला तो डोंगरापलीकडच्यांना हाताशी धरूनच. त्याच्या मुलाची हुकूमशाही ५१० मध्ये संपली आणि पुन्हा तीच मारामारी सुरू झाली, तेव्हा ५०८-०७ मध्ये क्लायस्थेनिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने जे केलं ते म्हणजे या प्रादेशिक तटांच्या मुळावरच घाव घातला.

त्याने गाव हे एकक धरलं. गाव म्हणजे डीम. असे एकूण १३९ डीम होते, त्यातले काही शहराच्या तटबंदीच्या आतले मोहल्ले, काही दोनचार वाड्यांएवढे छोटे, आणि अखार्नाय सारखं एखादं इतकं मोठं की ते एकटंच लहानसं शहर म्हणून खपलं असतं. या डीमांचे ३० गट केले, १० शहर आणि आसपासचे, १० किनाऱ्याचे, १० आतल्या भागाचे. मग प्रत्येक प्रकारातला एकेक गट उचलून तिघांची मिळून एक जमात, अशा १० जमाती. प्रत्येक जमातीतून ५० माणसं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि ५०० जणांचं मंडळ बनवायचं, आणि त्या ५० मध्ये कुठल्या डीमचे किती हे ठरलेलं.

एक जमात उघडून दाखवतो म्हणजे चित्र स्पष्ट होईल. आयांतिस जमात घ्या. शहराकडून फालेरॉन, म्हणजे जुनं बंदर, त्याचे ९. आतल्या डोंगराळ भागातून अफिद्ना, त्याचे १६. किनाऱ्याकडून मॅरेथॉनचे १०, राम्नूसचे ८, ओइनोईचे ४, त्रिकोरिंथोसचे ३. बेरीज करा, बरोब्बर ५०. हे आकडे चौथ्या शतकातल्या दगडी याद्यांमधून मिळतात, मंडळात कोण कोण होतं ते डीमवार कोरून ठेवायचे.

आता फालेरॉनच्या बंदरावरचा माणूस आणि अफिद्नाचा डोंगरकुशीतला शेतकरी यांचा एरवी काय संबंध? पण लढाईला जायचं तर एकाच पथकात, मेले तर नावं एकाच जमातीच्या मथळ्याखाली कोरली जाणार, आणि मंडळात निवडले गेले तर वर्षातले ३५-३६ दिवस दोघं बाजारचौकातल्या त्या गोल इमारतीत एकत्र जेवणार, कारण वर्षाचे १० भाग आणि प्रत्येक भागात एक जमात कारभार बघणार. रोज त्यांच्यातला एक जण चिठ्ठीने अध्यक्ष, एक रात्र आणि एक दिवस, आयुष्यात एकदाच, आणि तेवढा वेळ खजिना असलेल्या देवळांच्या किल्ल्या आणि राज्याचा शिक्का त्याच्या ताब्यात. राम्नूस हे अगदी ईशान्येचं टोक, समोर समुद्र आणि पलीकडे युबिया बेट, तिथल्या माणसाकडेही त्या किल्ल्या येऊ शकायच्या. शिवाय एका माणसाला आयुष्यात दोनदाच मंडळात बसता यायचं, म्हणजे गावागावातून नवनवी माणसं पाठवावीच लागायची. म्हणून जागा कागदावरची होती असं मी तरी म्हणणार नाही.

अजून एक महत्त्वाचं. ५०८ मध्ये तुमचा पूर्वज ज्या डीममध्ये नोंदला गेला तोच तुमचा डीम, कायमचा. पुढच्या पिढ्या शहरात राहायला गेल्या तरी नोंद मूळ गावचीच. आपल्याकडे मुंबईत चार पिढ्या काढलेलं घर सातारकर किंवा पेडणेकरच राहतं ना, तसंच, फक्त तिकडे त्या नावावर नागरिकत्व, मतदान आणि सैन्यातली जागा सगळं लटकलेलं होतं. त्यामुळे ही रचना दिसायला जमिनीची पण आतून माणसांची, आणि शंभर दीडशे वर्षांनी नोंदलेलं गाव आणि राहतं गाव यांची फारकत झालेली दिसते.

खापरखुणा

आलो, आलो. पायवाट यांनी वरचा अर्धा भाग इतका छान मांडलाय की मी थेट मातीत उतरतो.

लोक कुठे राहायचे यावर पुरातत्त्ववाल्यांत बराच काळ वाद आहे. एक मत असं की ग्रीक माणूस मुळात गावठाणात, दाटीवाटीने राहणारा, शेतं तुकड्या-तुकड्यात विखुरलेली, रोज चालत जाऊन कसायची. दुसरं मत असं की पाचव्या-चौथ्या शतकात शेतातच घर करून राहणं भरपूर होतं. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून ग्रीसमध्ये शिवार चालून तपासायची पद्धत जोरात आली, म्हणजे माणसं ठरावीक अंतरावर एका रांगेत उभी करायची आणि नांगरलेल्या रानातून सरळ चालत जात जमिनीवरची खापरं मोजायची. शेजारच्या बिओशियात बिंटलिफ आणि स्नॉडग्रास यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं. मी इकडे आपल्या भागात असं रान चाललोय, दिवसभर मान खाली घालून, त्यामुळे त्या लोकांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे.

त्यातून दिसलं ते हे की अभिजात काळातली, म्हणजे याच पाचव्या-चौथ्या शतकातली, खापरं रानात सगळीकडे, आणि मधेमधे दाट पुंजके. पुंजका म्हणजे शेतघर, असं सरळ म्हणावंसं वाटतं. पण बाकी रानात जी पातळ पसरलेली खापरं आहेत त्यांचं काय? बिंटलिफ-स्नॉडग्रास यांचं म्हणणं की ती उकिरड्यातून आली, घरचा कचरा आणि शेण एकत्र साठायचं, ते खत म्हणून शेतात जायचं आणि त्याच्यासोबत फुटकी भांडीही जायची. मला हे पटतं, कारण ज्यांनी उकिरडा उपसून गाडीत भरलाय त्यांना माहीत आहे की त्यात काय काय निघतं. तर सांगायचा मुद्दा, एक पुंजका दिसला की तिथे कुटुंब बारा महिने राहत होतं असं लगेच धरता येत नाही, ते सुगीपुरतं खोपटही असू शकतं किंवा अवजारं ठेवायची जागा.

अ‍ॅटिकात मात्र दोन घरं पूर्ण खणलेली आहेत आणि ती बघण्यासारखी आहेत. एक वारीजवळचं, हिमेटसच्या दक्षिण टोकाला, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातलं. साधारण १८ बाय १४ मीटर, मधे अंगण, दक्षिणेला तोंड करून ओसरी आणि मागे खोल्या, एका कोपऱ्यातल्या खोलीचा पाया जास्त जाड म्हणून तिथे बुरुजासारखा मजला असावा. तिथे मातीची लांबट भांडी सापडली ज्यांच्या आतल्या बाजूला कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा आहेत. बाहेरून नाही, आतून! कारण ती मधाच्या पोळ्यांची भांडी, आत खरखरीत केलं की मधमाश्यांना पोळं धरायला सोपं. हिमेटसचा मध प्राचीन काळी प्रसिद्धच होता. म्हणजे हे कुटुंब डोंगराच्या कडेला राहून थोडी शेती, मधमाश्या असं करत होतं. दुसरं घर अखार्नायच्या बाजूला, डेमा भिंतीजवळ, पाचव्या शतकाच्या शेवटी थोडाच काळ वापरलेलं, चांगलं ऐसपैस. दोन्हीकडे आजूबाजूला गाव नाही.

आणि सगळ्यात मोठा पुरावा दक्षिणेकडचा. आतेने नावाचा डीम होता, सुनियोनच्या वायव्येला, तिथे हान्स लोहमान यांनी सबंध डीमचा मुलूख पिंजून काढला, तर गावठाण सापडलंच नाही, नुसती विखुरलेली शेतघरं, बुरुज, खळी, डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेली शेतं. तरी हा डीम मंडळात ३ माणसं पाठवायचा! उलट थोरिकोस बघा, तेही त्याच दक्षिणेत, तिथे घरांची दाट वस्ती, चांदीच्या खाणीचं काम वस्तीला लागूनच, आणि थिएटरसुद्धा, जे गोल नसून लांबट वेडंवाकडं आहे. तेव्हा अ‍ॅटिकात लोक असेच राहायचे असं एकच वाक्य कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, खोऱ्याखोऱ्यात वेगळं होतं, पाणी कुठे, खाण कुठे, ऑलिव्ह किती, यावर अवलंबून.

कोर्टकचेरी

मी दिवाणी वकील, बांधाचे आणि वहिवाटीचे दावे रोजचे, म्हणून या विषयात माझा जीव अडकलाय. खापरखुणांना खापरं मिळतात, मला कोर्टातली भाषणं मिळतात. डेमॉस्थेनिस या वक्त्याच्या नावावरचं एक भाषण आहे, कॅलिक्लीस नावाच्या शेजाऱ्याविरुद्ध, ते वाचाच, उंबरठाताई, तुमच्या तिसऱ्या शक्यतेचं उत्तर त्यात आहे.

डोंगराळ भागात दोन शेतं, मधून रस्ता. प्रतिवादीच्या बापाने, म्हणजे तिसियासने, शेताला कडेने भिंत घातली, कारण पावसाचं पाणी आत घुसून स्वतःचा ओघ पाडायला लागलं होतं, आधीचे मालक शहरी, त्यांना त्या जागेची आवड नव्हती म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलेलं. भिंत घातल्यावर तिसियास १५ वर्षांहून जास्त जगला, शेजाऱ्याच्या बापाने चकार शब्द काढला नाही. मग मुलांच्या पिढीत मोठा पाऊस झाला, पाणी कॅलिक्लीसकडे शिरलं आणि त्याने दावा लावला की तुमच्या भिंतीमुळे पाण्याची जुनी वाट बंद झाली, १००० द्राख्मा भरा.

आता बचाव बघा. ती पाण्याची वाट नव्हतीच, आमची खाजगी जमीन आहे, कारण तिथे द्राक्षवेली आहेत, अंजीर आहेत, आम्ही जमीन घेण्याआधीच्या जुन्या कबरी आहेत, ओढ्यात कोण झाडं लावतं आणि ओढ्यात कोण माणसं पुरतं? वर तुम्हीच तुमची भिंत रस्त्यात सरकवलीत आणि राडारोडा रस्त्यात टाकून रस्ता उंच केलात, मग पाणी दुसरीकडे जाणारच. आणि मी ते पाणी सोडू तरी कुठे, पिऊन तर टाकू शकत नाही ना! अहो, असा बचाव मी आजही जसाच्या तसा मांडीन.

पण तुमच्या प्रश्नासाठी खरी जागा पुढे आहे. नुकसान किती ते सांगताना प्रतिवादी म्हणतो, आमच्या दोघांच्या आया एकमेकींकडे येत-जात असत, दोघी रानातच राहणाऱ्या आणि शेजारणी, आणि त्याच्या आईने माझ्या आईला रडत सगळं दाखवलं. भिजलं काय होतं? तीन मेदिम्नॉसदेखील भरणार नाही एवढं जव, म्हणजे दीडशे लिटरच्या मापाच्या आत, साधारण अर्धा मेदिम्नॉस पीठ, आणि तेलाचा एक रांजण आडवा झाला पण त्याला काही झालं नाही. बघा म्हणजे, दोन बायका, शेतातली घरं, घरात धान्य-पीठ-तेल साठवलेलं. हे सुगीपुरतं खोपट नव्हे, हा नांदता संसार आहे. आणि त्याच भाषणात शहरात राहणारा, शेताकडे न फिरकणारा जुना मालकही आहे. एकाच डोंगरात दोन्ही प्रकार.

उंबरठा

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. कोर्टकचेरी, ते भाषण आजच शोधते. आतेनेचं वाचून तर थक्क झाले, गावठाणच नाही आणि तरी गाव म्हणून ५०० च्या मंडळात जागा.

मग असा विखुरलेला डीम सभा कुठे घ्यायचा? आणि ही सगळी मोजदाद नागरिक पुरुषांची ना, बायका, परके, गुलाम या नकाशात कुठे बसतात?

पायवाट

सभेबद्दल एक दुर्मिळ तपशील आहे, तोही कोर्टातूनच. ३४६-४५ मध्ये अथेन्सने ठराव केला की प्रत्येक डीमने आपल्या नोंदवहीतली नावं तपासायची, नागरिक नसलेले घुसले असतील तर काढायचे. हालिमूस डीमने युक्सिथेओस नावाच्या माणसाला काढलं, त्याने अपील केलं, ते भाषण उरलंय. हालिमूस म्हणजे आजचं अलिमोस, समुद्राकडे, इतिहासकार थुसिडिडीसचा डीम. युक्सिथेओस सांगतो, त्या दिवशी ७३ जणांनी शपथ घेतली, भाषणबाजीत दिवस गेला, माझं नाव पुकारलं तेव्हा अंधार पडला होता, म्हातारी माणसं शेताकडे निघून गेली होती कारण आमचा डीम शहरापासून ३५ स्टेडियावर, म्हणजे सहा साडेसहा किमी, आणि बरेच जण तिकडेच राहतात, उरले जेमतेम ३०, आणि मतं मोजली तर निघाली ६० च्या वर! म्हणजे सभा शहरात झाली होती आणि लोक मुक्कामाला गावी परतत होते. एवढ्या एका परिच्छेदात वस्ती, अंतर आणि गावकीचं राजकारण तिन्ही दिसतं. त्याची आई बाजारात फिती विकायची आणि गरिबीपायी दाई म्हणून राहिली होती हेही त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं, हे वाचताना फार वाईट वाटतं.

बायकांची डीमच्या वहीत नोंद नसायची, ओळख अमक्या डीमच्या अमक्याची मुलगी किंवा बायको अशी. पण थेस्मोफोरिया सणासाठी डीमच्या बायका आपल्यातून प्रमुख निवडायच्या, तेवढी एक जागा त्यांची होती. परक्यांची, म्हणजे मेटिकांची, नोंद वेगळ्या धाटणीची, तिथे मूळ डीम नाही तर 'अमुक ठिकाणी राहणारा' असं लिहायचे, आणि त्यामुळे गंमत अशी की राहत्या जागेचा पक्का पुरावा नागरिकांपेक्षा परक्यांचाच मिळतो, ते शहरातल्या मेलिटेसारख्या वस्त्यांत आणि पिरेयस बंदराला दाटलेले दिसतात. लॉरियोनच्या खाणींत राबणाऱ्या गुलामांना तर कुठल्याच डीमच्या वहीत जागा नाही, आणि ४८३ मध्ये त्याच खाणीच्या चांदीतून अथेन्सचं आरमार उभं राहिलं. हे विसरून अथेन्सच्या रचनेचं कौतुक करू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि ४३१ सालचं एक. स्पार्टाची फौज येणार म्हणून अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने सगळ्यांना तटाच्या आत बोलावलं. थुसिडिडीस लिहितो की बहुतेक अथेनियन तोवर गावाकडेच राहत आले होते, म्हणून ते फार जड गेलं. मेंढरं आणि गुरं युबियाला पाठवली, घरातलं सामान आणलं, घराचं लाकूडकामसुद्धा काढून आणलं. शहरात मोजक्यांनाच घर मिळालं, बाकीचे मोकळ्या जागी, देवळांत, तटाच्या बुरुजांत. पुढच्या वर्षी साथ आली ती याच गर्दीत. तुमच्या मूळ प्रश्नाला याहून थेट साक्ष नाही.

रानभूल

अथेन्सवर पुरेसं झालंय म्हणून फक्त दोन शब्द इतरत्रचे. स्पार्टा तर तटबंदी नसलेल्या खेड्यांचाच समूह होता, त्यातलं अमिक्लाय पाच एक किमी दूर. आणि मांटिनिया या ग्रीक शहराचं वाचा. ३८५ मध्ये स्पार्टाचा राजा अगेसिपोलिस याने नदी अडवून पाणी मातीच्या विटांच्या तटात शिरवलं, शहर पाडलं आणि लोकांना पूर्वीसारखं चार खेड्यांत वाटून टाकलं. झेनोफोन हा इतिहासकार सांगतो की आधी लोक हळहळले पण जमीनदार पुढे खूश झाले, शेतं जवळ आली आणि लोकनेत्यांचा त्रास संपला. ल्युक्ट्राच्या लढाईत स्पार्टा हरल्यावर ३७० मध्ये तेच लोक पुन्हा एकत्र आले आणि शहर बांधलं. म्हणजे वस्ती दाट की विरळ हा फक्त सोयीचा प्रश्न नव्हता, कुणाच्या हातात सत्ता हा होता.

आणि नव्या वसाहतीत तर जमीन चक्क रेघा मारून वाटायचे. क्रिमियातल्या खेर्सोनेससला चौथ्या शतकात द्वीपकल्पाचे साधारण ६३० बाय ४२० मीटरचे शेकडो तुकडे पाडले, रस्ते आणि बांध आजही दिसतात. अ‍ॅटिकात असं शक्यच नव्हतं, तिथली गावं आधीच शतकानुशतकं वाढलेली.

कोर्टकचेरी

रानभूल, अ‍ॅटिकाच्या सीमेवर मात्र एकदा तसं झालं. ओरोपोस हा बिओशियाच्या हद्दीवरचा टापू, कधी इकडे कधी तिकडे. ३३० च्या दशकात मॅसिडोनियाच्या कृपेने तो अथेन्सला परत मिळाला आणि तिथल्या डोंगराचे पाच भाग करून प्रत्येक भाग दोन-दोन जमातींना दिला. अकामांतिस आणि हिप्पोथोंतिस यांच्या वाट्याला आलेल्या डोंगरावर वाद निघाला की हा तर अ‍ॅम्फिअराओस देवाचा, मोजणी करणाऱ्यांनी तेव्हाच देवासाठी राखून ठेवलेला. मग नागरिकांच्या सभेने काय ठरवावं? युक्सेनिप्पोस आणि आणखी दोघांना देवळात झोपायला पाठवलं, देव स्वप्नात येऊन जमीन कुणाची ते सांगेल म्हणून! युक्सेनिप्पोसने येऊन स्वप्न सांगितलं, आणि नंतर ते खोटं सांगितलं म्हणून त्याच्यावरच खटला झाला. हिपेरिडीस या वक्त्याने त्याच्या बाजूने केलेलं भाषण आपल्याकडे आहे, त्यात तो विचारतो की तुम्हाला स्वप्नावर भरवसा नव्हता तर डेल्फीला माणूस पाठवून देवाला विचारायचं होतं. उंबरठाताई, कॅलिक्लीसनंतर हे घ्या, दोन्ही लहान आहेत, एका बैठकीत होतात.